तोंडाचा वास: आधी शोधा, मग घासा, माउथवॉश अगदी शेवटी

तोंडाला वास येतोय हे कळलं की आपण सगळे उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी बडीशेप, मग वेलची, मग मिंटच्या गोळ्या, मग मेडिकलमधून निळा नाहीतर हिरवा माउथवॉश, आणि एवढं करून महिनाभराने परत तिथंच. मी स्वतः तीन वर्षं हेच केलंय. खालच्या डाव्या बाजूला ब्रिज (पडलेल्या दाताच्या जागी, शेजारच्या दातांना जोडून बसवलेला पक्का खोटा दात) बसवला होता, बसवणाऱ्या डॉक्टरांनी त्याच्या खालून साफ कसं करायचं ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, मी आपला दिवसातून तीनदा ब्रश करून गुळण्या करत बसलो. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्या ब्रिजखालून जाडसर दोरा ओढून काढला आणि सरळ माझ्या नाकासमोर धरला. बायको गाडीत बसल्याबसल्या काच खाली का करते ते त्या दिवशी कळलं.

बहुतेक लोकांच्या बाबतीत वास तोंडातूनच येतो, पोटातून नाही. जिभेच्या मागच्या भागावर, दातांच्या फटीत आणि हिरडीखाली अन्नाचे कण आणि मेलेल्या पेशी अडकतात, तिथले जंतू त्या खातात आणि गंधकाचे वायू सोडतात, म्हणून तो कुजक्या अंड्यासारखा वास. ही जागा सापडल्याशिवाय वरून काहीही शिंपडलं तरी तासाभराचा खेळ.

सुरू करण्याआधी: सामान

सॉफ्ट ब्रश (हार्ड नको, हार्डने हिरड्या खाली सरकतात आणि दातांची मुळं उघडी पडतात), फ्लोराइडवाली साधी टूथपेस्ट, ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात पीपीएम, म्हणजे फ्लोराइडचं प्रमाण, लिहिलेलं असतं ते १००० च्या आसपास असावं. स्टीलचा किंवा तांब्याचा टंग क्लीनर. फ्लॉस, म्हणजे दातात घालायचा दोरा. दातांमध्ये मोठ्या फटी असतील किंवा ब्रिज असेल तर इंटरडेंटल ब्रश, म्हणजे बाटली धुवायच्या ब्रशचं एकदम छोटं पिल्लू, मेडिकलमध्ये नाहीतर ऑनलाइन मिळतं, वेगवेगळ्या साइझमध्ये येतं. आणि एक जुना स्टीलचा चमचा, जो परत स्वयंपाकघरात जाणार नाही.

माउथवॉश यादीत नाही. मुद्दामच नाही.

१. वास खरंच आहे का ते आधी बघा

तळहातात फुंकर मारून हुंगणं बंद करा. त्याने काहीच कळत नाही, एकतर स्वतःच्या वासाची नाकाला सवय झालेली असते आणि दुसरं म्हणजे फुंकर मारताना जिभेच्या मुळाकडची हवा फारशी बाहेर येतच नाही.

त्यापेक्षा हे करा. जेवून, ब्रश करून किंवा काही चघळून दोन-तीन तास झालेले असावेत. मनगटाची आतली बाजू जिभेच्या मागच्या भागाने चाटा, दहा-पंधरा सेकंद वाळू द्या, मग हुंगा. दुसरी टेस्ट चमच्याची. चमचा उलटा करून जिभेवर शक्य तितका मागे ठेवा, हलकेच पुढे ओढा, त्यावर जे पांढरट-पिवळट चिकट येतं त्याचा अर्ध्या मिनिटाने वास घ्या. तिसरी टेस्ट दोऱ्याची, मागच्या दाढांमधून फ्लॉस फिरवा आणि प्रत्येक फटीनंतर हुंगा. किळस वाटेल, पण कुठल्या फटीतून वास येतो ते सांगणारी हीच एक टेस्ट आहे.

सगळ्यात खात्रीचं म्हणजे घरातल्या माणसाला विचारणं. "माझ्या तोंडाला वास येतो का गं?" असं विचारलंत तर "नाही हो" असंच उत्तर येणार. त्याऐवजी सांगा की मी टेस्ट करतोय, सकाळी, दुपारी चार वाजता आणि रात्री असं तीनदा बघ आणि शून्य ते पाचमध्ये मार्क दे. मार्क द्यायला माणसं लाजत नाहीत.

सावधान: फक्त सकाळी उठल्यावर वास येत असेल आणि ब्रश-नाश्त्यानंतर जात असेल तर तो आजार नाही. झोपेत लाळ जवळजवळ बंद होते, त्यामुळे सगळ्यांनाच येतो. आणि दोन-तीन जणांनी शून्य मार्क दिले, डेंटिस्टनेही नाही म्हटलं, तरी तुम्हाला दिवसभर वास येतोय असंच वाटत असेल, लोक लांब सरकतात असं वाटत असेल, तर दात घासघासून हिरड्या सोलू नका. ती भीती असते, खरी असते, आणि त्यासाठी डॉक्टरांशी वेगळं बोलावं लागतं.

२. नाक की तोंड?

यालाही दुसरा माणूस लागतो. आधी ओठ मिटून फक्त नाकातून श्वास सोडा, त्याला हुंगू द्या. मग नाक चिमटीत धरून तोंडातून सोडा.

तोंडातून येतो, नाकातून नाही: तोंडाचं काम, पुढचे टप्पे तुमच्यासाठीच. नाकातून येतो, तोंडातून नाही: सायनस, नाकातलं इन्फेक्शन, तिथं ब्रश काय करणार, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. दोन्हीकडून सारखाच येतो: लसूण-कांदा खाल्लाय का ते आठवा, नसेल तर खाली टप्पा ८ बघा.

३. रात्रीचं काम (सगळ्यात महत्त्वाचं हेच)

सकाळी लोक दहा मिनिटं बेसिनपाशी असतात आणि रात्री तसेच झोपतात. उलटं पाहिजे. रात्री लाळ नसते, म्हणजे तोंडात जे राहील ते सात तास सडणार. क्रम असा: चूळ, दोरा, जीभ, ब्रश. ब्रश शेवटी का ते पुढे सांगतो.

दोरा. एक हात लांब तोडा, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, एवढा कशाला असं वाटतं पण लागतो. दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर मोकळा ठेवा. फटीत घालताना करवतीसारखा मागेपुढे करत हळू उतरवा, दाणकन खाली दाबला तर हिरडी कापते आणि मग माणूस आयुष्यभर फ्लॉसला शिव्या देतो. आत गेला की एका दाताला मिठी मारल्यासारखा वळवा, हिरडीच्या किंचित खाली न्या, तीन-चार वेळा वरखाली करा, मग शेजारच्या दाताला तसंच. पुढच्या फटीला दोऱ्याचा नवीन भाग. शेवटच्या दाढेची मागची बाजू विसरू नका, तिथं फट नाही म्हणून सगळे सोडतात. अक्कलदाढ अर्धी बाहेर आलेली असेल तर तिच्यावर हिरडीची झालर असते, तिच्याखाली पोहे-शेंगदाणे जाऊन बसतात, तिथून येणारा वास घरच्या साफसफाईने पूर्ण जात नाही, ती डेंटिस्टला दाखवायचीच.

ब्रिज असेल तर साधा दोरा वरून जाणार नाही, दात एकमेकांना जोडलेले असतात. त्यासाठी एक टोक कडक असलेला सुपरफ्लॉस मिळतो, तो सुईसारखा खालून ओवायचा. माझी तीन वर्षं इथंच गेली.

तपासा: पहिला आठवडा-दहा दिवस रक्त येऊ शकतं, सुजलेल्या हिरडीतून येतं, घाबरून थांबलात तर सूज तशीच राहील. दोन आठवडे रोज करूनही येत असेल तर डेंटिस्ट. दोरा रोज त्याच जागी फाटत असेल तर तिथं कीड आहे किंवा फिलिंगची कड बाहेर आलीय, ही खूण सोडू नका.

सावधान: सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी, टाचणी, व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा. यातलं एकही नाही. जेवण झाल्यावर पदराची पिन काढून दाढ कोरणाऱ्या मावशी मी पाहिल्यात, त्याने फट आणखी रुंद होते आणि मग रोजच अन्न अडकतं.

जीभ. इथं दोन चुका. एक म्हणजे फक्त पुढची गुलाबी जीभ घासायची जिथं काही नसतंच, आणि दुसरी म्हणजे सकाळी अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असा "ओऽऽक" आवाज काढला की जीभ साफ झाली असं समजायचं. ओकारीचा आणि स्वच्छतेचा काही संबंध नाही. जीभ पूर्ण बाहेर काढा, क्लीनर ओकारी येते त्याच्या थोडा अलीकडे ठेवा, श्वास सोडत सोडत पुढे ओढा. प्रत्येक वेळी नळाखाली धुवा. चार-पाच वेळा बास. रोज केलं की क्लीनर आपोआप थोडा थोडा मागे जायला लागतो. जेवल्याजेवल्या करू नका, पोट भरलेलं असताना जास्त ढवळतं. आणि जोर लावू नका, जीभ लाल झाली, चहाने झोंबायला लागली म्हणजे तुम्ही सोलताय.

ब्रश. जिभेनंतर, कारण जीभ घासली की चूळ भरावी लागते आणि आधी ब्रश केलेला असेल तर त्या चुळेबरोबर टूथपेस्टचं फ्लोराइड वाहून जातं. ब्रश पेनासारखा धरा, मुठीत नको, मुठीत जोर जास्त लागतो. केस हिरडी आणि दाताच्या कडेवर तिरके टेकवा, जागच्या जागी हलके थरथरवा, मग दाताच्या टोकाकडे वळवा. दोन मिनिटं म्हणजे खरंच दोन मिनिटं, मोबाइलवर टायमर लावून बघा, आपण बहुतेक जण चाळीस-पन्नास सेकंदात उरकतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतली बाजू मुद्दाम करा, जिभेखालची लाळ तिथं येते म्हणून कीटण सगळ्यात आधी तिथंच चढतं.

झालं की थुंका. चूळ भरू नका. विचित्र वाटतं, चार दिवसांनी सवय होते. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही, दूधही आधीच पिऊन घ्या.

४. सकाळी

सकाळी हलकं काम: चूळ, जीभ, ब्रश. दोरा रात्री झालाय. चहा आधी की ब्रश आधी यावर घरोघरी भांडणं आहेत, माझ्या मते ब्रश आधी करून मोकळं व्हावं. पण लिंबू पाणी, कोकम, संत्र्याचा ज्यूस असं आंबट पोटात गेलं असेल किंवा उलटी झाली असेल तर अर्धा तास थांबा, आंबटाने दाताचा वरचा थर तेवढ्यापुरता मऊ होतो आणि लगेच ब्रश केला की झिजतो.

ब्रश दर तीन महिन्यांनी बदला, केस वाकले तर आधीच.

५. दिवसभरात

कोरडं तोंड म्हणजे वास, एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं. दिवसभर बोलायचं काम असणारे, म्हणजे शिक्षक, कॉल सेंटरवाले, एसटीचे कंडक्टर, यांनी पाण्याची बाटली जवळच ठेवावी, घोट घोट प्यावं. नुसता चहा-कॉफी पिऊन भागत नाही, ते पाण्याच्या जागी धरू नका. गोळी किंवा गम पाहिजेच असेल तर साखर नसलेला घ्या, चघळण्याने लाळ सुटते हाच त्याचा फायदा. साखरेच्या मिंटगोळ्या म्हणजे जंतूंना खाऊ.

लसणाचं वेगळं आहे. ठेचा, लसणाची चटणी, कच्चा कांदा खाल्ला की त्यातले काही घटक रक्तात जातात आणि फुप्फुसातून श्वासावाटे बाहेर पडतात, म्हणून कितीही ब्रश केलात तरी वास दुसऱ्या दिवसापर्यंत राहू शकतो. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर दूध, कच्चं सफरचंद, पुदिन्याची पानं याने कमी होतो, पूर्ण जात नाही. इंटरव्ह्यू असेल तर आदल्या रात्रीपासूनच झणझणीत बंद, दुसरा उपाय नाही.

उपवासाच्या दिवशी वास वाढतो याची लाज वाटून घेऊ नका, चघळणं नाही म्हणून लाळ कमी आणि पोट रिकामं असताना शरीर चरबी जाळतं त्याचाही एक वास असतो. पाणी चालत असेल तर पीत राहा, निर्जळी असेल तर निदान जीभ दोनदा घासा.

६. चौदा दिवसांनी परत टेस्ट

टप्पा १ मधल्या टेस्ट त्याच वेळी, त्याच माणसाकडून. मार्क खाली आले तर हेच चालू ठेवा. आले नाहीत तर घरचं काम संपलं, आता डेंटिस्टच्या खुर्चीवर बसायचं. तिसऱ्या आठवड्यात नवीन टूथपेस्ट आणून परत पहिल्यापासून सुरू करणारे खूप आहेत, तसं करू नका.

७. डेंटिस्टकडे जाताना

त्या दिवशी सेंट, माउथवॉश, मसाला पान काही नको, आणि लसूण आदल्या दिवसापासून बंद. वास लपवून डॉक्टरकडे जाणं म्हणजे ताप उतरवून थर्मामीटर लावणं.

नुसतं "क्लिनिंग करा" म्हणू नका. सांगा की वास येतो, दोऱ्याला अमुक फटीत येतो, रक्त येतं की नाही, गोळ्या कुठल्या चालू आहेत. हिरडीची खोली मोजायला सांगा. बारीक खुणांच्या सळईने मोजतात, तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, चार आणि पुढे म्हणजे खिसा तयार झालाय आणि तिथं तुमचा ब्रश-दोरा पोचत नाही. मग हिरडीखालून साफ करावं लागतं. जुन्या कॅप, ब्रिज, फिलिंगच्या कडा बघून घ्या.

स्केलिंगने, म्हणजे दातांवरचं कीटण खरवडून काढल्याने, दात हलतात, फटी पडतात हे मी लग्नाच्या पंगतीत डॉक्टर नसलेल्या किमान दहा जणांकडून ऐकलंय. फटी आधीपासूनच असतात, कीटणाने भरलेल्या असतात म्हणून दिसत नाहीत. काही दिवस गार-गरम झोंबतं ते खरं, कमी होतं.

माउथवॉशचा नंबर आता लागतो, आणि तोही डॉक्टरांनी दिला तर. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा ०.२ टक्केवाला असेल तर साधारण १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, आणि ब्रशनंतर निदान अर्धा तास सोडून, कारण टूथपेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा जोर कमी होतो. दोन आठवड्यांच्या पुढे स्वतःच्या मनाने नाही, दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते.

८. दात ठीक आहेत तरी वास

टॉन्सिलच्या खड्ड्यात पांढरट-पिवळे दाणे साठतात, ज्वारीच्या कणीएवढे, खोकताना कधी बाहेर पडतात आणि चिरडले की भयंकर वास. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, काडीने टोकरू नका, वारंवार होत असेल तर घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

नाक चोंदून तोंडाने श्वास, तोंड उघडं ठेवून घोरणं: सकाळी घसा सुकलेला असतो, वास तिथला. सर्दी-ॲलर्जीच्या, नैराश्याच्या आणि बीपीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

"पोट साफ होत नाही म्हणून वास येतो" म्हणून महिनोन्‌महिने चूर्ण खाणारे पुष्कळ. अन्ननलिका एरवी मिटलेली असते, ढेकर आल्याशिवाय पोटातली हवा वर येत नाही. सतत ॲसिडिटी, आंबट पाणी घशाशी येणं हे असेल तर वेगळं, त्याचा इलाज करा, पण आधी जीभ बघा.

सावधान: डायबेटिस असलेल्या माणसाच्या श्वासाला सडक्या फळासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, जोडीला उलट्या, जोरजोरात श्वास, गुंगी, असं दिसलं तर त्याच क्षणी हॉस्पिटल, सकाळपर्यंत थांबायचं नाही. किडनीचा त्रास असलेल्याच्या तोंडाला अमोनियासारखा वास यायला लागला तर तेही लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि शुगर वाढलेली असेल तर हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की शुगर आवरत नाही, दोन्हीकडे एकदमच बघावं लागतं.

९. घरातली बाकीची मंडळी

आजोबांची कवळी. रात्री काढायची, मऊ ब्रशने साध्या साबणाने घासायची, पाण्यात ठेवायची, गरम पाण्यात नाही, वाकडी होते. टाळू आणि हिरड्याही ओल्या फडक्याने पुसायच्या. आमच्याकडे कवळी चोवीस तास तोंडात असायची, "काढली की म्हातारा दिसतो" म्हणून. रात्री दिवे मालवल्यावर काढायची असा तह झाला.

मशेरी लावणाऱ्या आजी-काकूंना दात साफ होतात असं खरंच वाटतं. ती भाजलेली तंबाखू आहे, तलफ तिची असते, दातांची नाही. हिरड्या खराब होतात आणि वास वाढतोच, शिवाय तंबाखू-गुटखा-सुपारीवाल्यांच्या तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा-लाल चट्टा, किंवा तोंडात उभी तीन बोटं न जाणं, यातलं काही दिसलं तर वासाचा विषय बाजूला ठेवून आधी तोंड दाखवा.

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास आणि शेंबूड येत असेल तर आत काहीतरी घातलेलं असण्याची शक्यता जास्त, शेंगदाणा, मणी, खोडरबराचा तुकडा. चिमट्याने काढायला जाऊ नका, आणखी आत जातं, डॉक्टर काढतात. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला टूथपेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहाला वाटाण्याएवढी, आणि ब्रश मोठ्यांनी करून द्यायचा.

ऑफिसमधल्या माणसाला सांगायचं असेल तर टेबलावर गुपचूप मिंट ठेवू नका, त्याला कळतही नाही आणि तो ती खाऊन टाकतो. एकट्यात, एका वाक्यात: "अरे, तोंडाला वास येतोय, मलाही यायचा, एकदा दाढा दाखवून घे."